कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती खरंच चालवायची असेल तर

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमली, बोर्ड लावला, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत सदस्यांच्या यादीचं पान घातलं की कॉलेजवाल्यांना वाटतं काम झालं. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांच्या अंतर्गत तक्रार समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसतेय, आणि खरी तक्रार येते तेव्हा यादीतल्या काही जणांना आपण कमिटीवर आहोत हेच माहीत नसतं. कुणी नेटवरून कंपन्यांसाठीचा नमुना उतरवून घेतलेला असतो, कुणी सल्ला देतं की महिला विकास कक्ष आहे ना, तोच दाखवून टाका. नका करू असं.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहेच, पण कॉलेजांना यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, वेगळं रेग्युलेशन लागू आहे. नावात 2015 असलं तरी गॅझेटमध्ये ते 2 मे 2016 ला आलं. त्यात विद्यार्थिनी स्पष्टपणे येतात, आणि काही मुलगे, तृतीयपंथी विद्यार्थी यांनाही असा छळ सोसावा लागतो हेसुद्धा लिहिलंय, त्यामुळे मुलगा तक्रार घेऊन आला तर त्याला दारातून परत पाठवू नका.

कमिटीची अध्यक्ष महिलाच हवी, कॉलेजात किमान असोसिएट प्रोफेसर, तशी कुणी नसेल तर संस्थेच्या दुसऱ्या युनिटमधून आणा. दोन शिक्षक, दोन नॉन-टीचिंग, एक बाहेरची व्यक्ती, आणि प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी, तेही निवडून आलेले, प्राचार्यांच्या मर्जीतले नव्हे. एकूण निम्म्या तरी महिला. एचओडी (विभागप्रमुख), डीन, रजिस्ट्रार वगैरे पदावरची माणसं सदस्य होऊच शकत नाहीत आणि नेमकं हेच सगळ्यात जास्त मोडलं जातं, कारण 'सीनियर मॅडम' म्हणून जिचं नाव पुढे येतं ती बहुतेक वेळा एचओडीच असते. पुढे अपिलात पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं.

तक्रार लेखी घ्या, लिहायला जमत नसेल तर मदत करा, पोच द्या. मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर ते लिहून कमिटी आणखी तीन महिने वाढवू शकते. आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांना लेखी शिफारस करा की ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्या सरांकडे तक्रारदार मुलीचे इंटर्नल, प्रॅक्टिकल, तोंडी परीक्षा काहीही राहणार नाही. यूजीसीच्या नियमात हे सरळ दिलेलं आहे, तरी कॉलेजं मुलीलाच बॅच बदलायला सांगतात. तिने स्वतः मागितल्याशिवाय तिला हलवू नका.

आता चौकशी. इथे मी स्वतः अडकले होते म्हणून जरा सविस्तर सांगते. सुरुवातीच्या काळात एका कॉलेजात आमच्या कमिटीने मनापासून काम केलं, मुलीचं ऐकलं, साक्षीदार ऐकले, सगळ्यांना पटलं की ती खरं बोलतेय, आणि आम्ही दोन पानी अहवाल लिहून मोकळे झालो. जबाब कुणाचाच शब्दशः लिहिलेला नव्हता, नुसता सारांश. साक्षीदार काय बोलले त्याची प्रत त्या प्राध्यापकाला दिली नव्हती, प्रश्न विचारायची संधी दिली नव्हती. अपिलात सगळं रद्द झालं आणि त्या मुलीला तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

आणि हे फक्त छोट्या कॉलेजांत होतं असं नाही. 12 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाने गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाची बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं, कारण चौकशी घाईत उरकली, त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही. मुलींच्या तक्रारी 2009 च्या होत्या. म्हणजे आपण घाई करतो मुलीला लवकर न्याय मिळावा म्हणून, आणि चौदा वर्षांनी गाडी परत पहिल्या स्टेशनावर.

म्हणून मी आता असं करते. तक्रार आल्यापासून 7 दिवसांत तिची प्रत समोरच्याला, सहीची पोच घेऊन. त्याचं लेखी उत्तर 10 दिवसांत, कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या यादीसह. प्रत्येक बैठकीचा रोजनामा, म्हणजे कोण हजर, किती वाजता सुरू, काय झालं, पुढची तारीख काय, आणि उठण्याआधी सगळ्यांच्या सह्या, नंतर घरी जाऊन मेलवर नाही. अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य नसतील तर बैठक घेऊच नका. जबाब प्रश्न-उत्तर रूपात, जिने दिला तिच्याच शब्दांत, मराठीत दिला असेल तर मराठीतच, आणि वाचून दाखवून सही. तिचा शब्द 'सुधारून' सभ्य करू नका, ती जे म्हणाली तेच लिहा.

उलटतपासणीला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. दोघांना समोरासमोर बसवायची काही गरज नाही. त्याच्याकडून प्रश्न लेखी घ्या, कमिटी ते तिला वेगळ्या खोलीत विचारेल, उत्तराची प्रत त्याला मिळेल. तिच्या कपड्यांवर, चारित्र्यावर प्रश्न असेल तर तो नाकारा, पण का नाकारला ते रोजनाम्यात लिहा. वकील दोघांनाही आणता येत नाही. तो येतच नसेल तर लगेच एकतर्फी जाऊ नका, 2013 च्या नियमांप्रमाणे सबळ कारणाशिवाय सलग तीन तारखांना गैरहजर राहिला तरच, आणि तेही 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन. आणि पुरावा फौजदारी कोर्टासारखा निःसंशय लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय ते बघायचं, 'प्रत्यक्ष पाहणारा कुठंय' असं विचारत बसू नका. हे सगळं 90 दिवसांत बसतं, मी बसवलंय, फक्त पहिल्याच दिवशी तारखा ठरवून टाकायच्या.

'मुलीचं लग्न व्हायचंय, मिटवून टाका' हे सांगायला कुणीतरी येणारच. समेट फक्त तक्रारदाराने मागितला तर, आणि त्यात पैशाचा व्यवहार अजिबात नाही. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच माणसाला सांगा.

अहवाल चौकशी संपल्यावर 10 दिवसांत, प्रत दोघांनाही. नावं कुठेही बाहेर जाता कामा नयेत, आवक-जावक रजिस्टरमध्येसुद्धा फक्त प्रकरण क्रमांक टाका. वर्षाचा अहवाल विसरू नका, शून्य तक्रारी असल्या तरी जातो.

अपील झालं नाही तर प्राचार्यांना शिफारशींवर 30 दिवसांत कारवाई करावीच लागते, करायची नसेल तर कारणं लेखी द्यावी लागतात. इथेच फायली झोपतात. मी अहवाल देते त्याच दिवशी तिसावा दिवस कॅलेंडरवर टाकते आणि त्या सकाळी प्राचार्यांना फोन करून एवढंच विचारते, की मुलीला लेखी काय कळवलंत, त्याची प्रत मला पाठवा.