टॉकबॅकवर साडी घेताना

मला दिसत नाही. माझा फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीवर चालतो. बऱ्याच दुकानांच्या अ‍ॅपमध्ये फोटोवर बोट ठेवलं की नुसतं "इमेज" ऐकू येतं. अशा वेळी एआयची मदत घ्या.

साडीचं पान उघडा, स्क्रीनशॉट काढा आणि 'बी माय आईज' या अ‍ॅपमधल्या, चित्राचं वर्णन करणाऱ्या 'बी माय एआय'ला द्या. "वर्णन कर" एवढ्यावर थांबू नका. काठ किती रुंद, पदरावर मोर की कोयऱ्या, अंगभर बुट्टी आहे का, फोटोवर काय छापलंय, हे एकेक करून विचारा. कपड्यांच्या मापांचा तक्ता बहुतेकदा चित्रच असतो. तो ओळीओळीने वाचून घ्या.

रंगावर पूर्ण भरवसा नको, मोरपिशीला एआय निळा म्हणू शकतो. फोटोत नसलेलंही एआय ठामपणे सांगतो, म्हणून किंमत आणि परतीची मुदत पानावरच्या मजकुरात स्वतः ऐका.

पैसे भरताना त्याला बाजूला ठेवा. कार्ड किंवा ओटीपी दिसणारा स्क्रीनशॉट कुठेही देऊ नका. पेमेंटचं पान अडलं तर, सोय असेल तिथे, कॅश ऑन डिलिव्हरी घ्या.

दुकानाला तक्रार मात्र जरूर लिहा, कोणत्या पानावरच्या कोणत्या बटणाला टॉकबॅकला वाचता येईल असं नाव नाही ते नेमकं सांगून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करा.