शोल्डर बरोबर पण छातीत ओढतो, असा ड्रेस मी कसा बसवला

छातीच्या मापाने पेपर पॅटर्न घेतला की माझा गळा नि शोल्डर लटकतेच बाप्पा. म्हणून यावेळी काखेखालून, छातीच्या वरून टेप फिरवून त्या मापाची साइज घेतली नि छातीत ओढू नये म्हणून फक्त पुढचा भाग वाढवला. खालून सरळ वर छातीच्या टोकापर्यंत कापलं, तिथून मुंढ्याकडे (बाही जोडतो ती गोलाई), पण मुंढ्याजवळ कागद जरासा जोडलेलाच ठेवायचा, मग साइडच्या टक्समधूनही (छातीला आकार द्यायला घालतो ती चिमटी) टोकापर्यंत कापून 2 सेंमी उघडलं, पुढचा भाग अर्धाच असतो न, म्हणजे एकूण 4 मिळाले. टक्स आपोआप मोठा होतो. मधल्या भागाची लांबी कागद चिकटवून सारखी केली. आधी इतवारी बाजारातून आणलेल्या मांजरपाटावर (साधं सुती कापड) टाचून पाहिलं, मगच चांगलं कॉटन कापलं. कंबरेत मात्र ढिलाच ठेवला, नागपूरच्या मे महिन्यात फिटिंग कोणाला पाहिजे!