बाळंतविड्यासाठी क्रोशाचं ब्लँकेट, लेकीला सोबत घेऊन

धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी डिसेंबरची तारीख दिली तेव्हाच ठरवलं होतं, बाळंतविड्यातली झबली टोपरी कुंची आई बघेल, ब्लँकेट मात्र मी विणणार. हे फोनवर बोलत होते आणि शेजारी बसलेली माझी सात वर्षांची लेक म्हणाली, आई मी पण विणणार, मावशीच्या बाळाला माझ्या हातचं पण पाहिजे. गणपतीच्या आधी सुरू केलं, दिवाळीच्या सुट्टीत संपलं. कसं केलं ते सगळं लिहिते, कारण लहान मुलाला बरोबर घेऊन करायचं असेल तर ब्लँकेटची आखणीच वेगळी करावी लागते.

एक गोष्ट आधीच सांगते. मुलांना आपण मदत म्हणून गुंडा धरायला देतो, कात्री आणायला पाठवतो आणि त्यांना ते बरोब्बर कळतं, की हे खरं काम नाहीये. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी केलेलं रात्री गुपचूप उसवून परत करणं. मी एकदा दाराच्या तोरणाच्या वेळी तसं केलं होतं, सकाळी तिने बघितलं आणि "हे माझं नाहीये" एवढंच म्हणाली, मग दोन महिने सुईला हात लावला नाही. त्यामुळे या वेळी ठरवलं की तिने विणलेलं जसंच्या तसं ब्लँकेटमध्ये राहील, आणि ते वाकडं आलं तरी बसेल अशी जागा मीच आधी करून ठेवायची.

म्हणून सलग ब्लँकेट न विणता चौकोन केले. ६ इंचाचे ३० चौकोन, आडवे ५ उभे ६, म्हणजे ब्लँकेट ३० बाय ३६ इंच, बाळाला भरपूर होतं. त्यातले २४ माझे, ६ तिचे. जाळीचे ग्रॅनी स्क्वेअर दिसायला छान असतात आणि भराभर होतात पण तान्ह्या बाळाची बोटं त्या भोकांत अडकतात, म्हणून भरीव विणच घ्या.

लोकर घ्यायला तिला घेऊनच तुळशीबागेत गेले. बहीण नाशिकला, तिकडे आणि निफाडकडे थंडीत पारा दहाच्या खाली जातो, म्हणून बेबी वूल घेतली, म्हणजे मऊ अ‍ॅक्रिलिक, फार जाड नाही फार बारीक नाही अशी ४ मिमीच्या सुईला चालणारी. मुंबई कोकणात द्यायचं असेल किंवा बाळ उन्हाळ्यातलं असेल तर सुती दोराच घ्या, फक्त सुती ब्लँकेट वजनाला जड होतं. केसाळ, चमकीची लोकर बाळासाठी नकोच, तंतू तोंडात जातात. घेताना गालाला किंवा मानेला लावून बघा, हाताला मऊ वाटणारी लोकर कधीकधी मानेला टोचते. हे काम मी लेकीलाच दिलं होतं, तिने तीन गुंडे नापास केले आणि तिचं बरोबर होतं. रंगही तिनेच निवडले, हळदीसारखा पिवळा, पोपटी, आकाशी आणि जांभळा. मी फक्त दोन अटी घातल्या, एक म्हणजे गर्द निळा काळा नको कारण त्यात टाके दिसत नाहीत आणि शिकणाऱ्या मुलाला टाका दिसलाच पाहिजे, आणि दुसरी म्हणजे पांढरी लोकर जास्त घ्यायची. का ते पुढे येईल.

५० ग्रॅमचे १२ गुंडे घेतले, ४ पांढरे आणि बाकी रंगांचे दोन-दोन, सगळं मिळून ६०० ग्रॅम. पण माझा आकडा तुम्ही तसाच धरू नका, प्रत्येकाचा हात सैल-घट्ट असतो. आधी एक चौकोन पूर्ण करून किचनच्या वजनकाट्यावर ठेवा, ३० ने गुणा आणि जोडणी-किनारीसाठी थोडी जास्त धरा. आणि एकाच रंगाच्या सगळ्या गुंड्यांच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर एकच आहे ना ते बघून घ्या, नंतर आणलेला पिवळा दुकानात सेम वाटतो, घरी आल्यावर शेजारी ठेवला की फरक दिसतो.

माझा चौकोन असा. २३ साखळ्या घाला (फासातून दोरा ओढून पुढचा फास केला की एक साखळी), सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला अर्धा खांब, असे एका ओळीत २२. अर्धा खांब म्हणजे सुईवर आधी एक वेढा, मग टाक्यात सुई घालून दोरा ओढायचा, सुईवर तीन फास होतात, परत दोरा घेऊन तिन्हीतून एकदमच काढायचा. ओळ संपली की १ साखळी, काम उलटवा, परत २२. माझ्या १६ ओळींत साडेपाच इंच झाले. ज्यांना क्रोशे नवीन आहे त्यांचा पहिला चौकोन हमखास त्रिकोणाकडे जातो, कारण ओळीचा शेवटचा टाका नजरेतून सुटतो. यावर सोपा उपाय, ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवत जा, तो दिसल्याशिवाय ओळ संपली असं समजायचंच नाही.

मुलाला शिकवताना सुईपासून सुरुवात नका करू. पहिला आठवडा नुसत्या बोटांनी साखळी. फास करायचा, त्यातून दोरा ओढून पुढचा फास, बस. लेकीने दारापासून स्वयंपाकघरापर्यंत साखळी केली, मग उसवली, परत केली. तोपर्यंत दोरा डाव्या हातात किती ताणून धरायचा ते बोटांना आपोआप कळलं, जे मला सांगून सांगता आलं नसतं. मग सुई दिली, माझ्यापेक्षा जाड, ५ मिमीची, पकडायला रबराची मूठ असलेली. मी उजवी ती उजवी म्हणून शेजारी बसून शिकवलं, मूल डावखुरं असेल तर समोर बसवा, आरशात बघितल्यासारखं त्याला तुमचा हात बरोबर दिसतो. एका वेळी १५-२० मिनिटं, जास्त नाही, आणि कंटाळा यायच्या आधी थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच मूल सुई घेऊन मागे लागतं.

तिच्या चौकोनाला फक्त मुका खांब, टाक्यात सुई घालून दोरा ओढा, दोन फास झाले की परत दोरा घेऊन दोन्हीतून एकदम काढा. १९ साखळ्या आणि ओळीत १८ खांब. ओळी मोजायला लावल्या नाहीत, त्याऐवजी कागदाचं विमान करताना दुमडतो तसं कोपऱ्याला कोपरा लावून तिरकं दुमडून बघायचं, कडा जुळल्या की चौकोन झाला. हे तिला इतकं आवडलं की दर दोन ओळींनी दुमडून बघायची. तिचे चौकोन पाच इंचाच्या आसपास आले, एक साडेचार इंचाचा, एक एका बाजूला चिंचोळा, एकात १८ चे २१ खांब झालेले. एकही उसवला नाही.

आता ती पांढरी लोकर. पुठ्ठ्याचा बरोबर ६ इंचाचा चौकोन कापून ठेवला होता. माझ्या प्रत्येक चौकोनाला पांढऱ्या मुक्या खांबांची एक फेरी, आणि तिच्या चौकोनांना लागतील तेवढ्या, कुणाला दोन कुणाला तीन, पुठ्ठ्याएवढा होईपर्यंत. चिंचोळ्या बाजूला मुक्या खांबाऐवजी अर्धे खांब घातले की तिथे उंची भरून निघते. शेवटच्या फेरीत मात्र आकडा सगळ्यांचा एकच पाहिजे, दर बाजूला २२ आणि कोपऱ्यात एकाच जागी ३, नाहीतर जोडताना झोल येतो. जिथे ओळींच्या कडा येतात त्या उभ्या बाजूला अंदाज असा, माझ्या चौकोनात दर ३ ओळींना ४ खांब, तिच्यात मोजून सारखे वाटून. पांढरी चौकट बसली की तिचे वाकडे चौकोन बाकीच्यांत असे मिसळतात की लांबून कळत नाही, आणि जवळून मात्र तिला तिचा प्रत्येक ओळखता येतो. मला नेमकं हेच हवं होतं.

मांडणी पूर्ण तिची. गणिताच्या चौकटीच्या वहीत ५ बाय ६ चे चौकोन आखून दिले आणि रंगपेटी दिली, दोन सारखे रंग शेजारी यायचे नाहीत एवढाच नियम. रविवारी सतरंजीवर सगळे ३० मांडले, तिने नकाशा हातात घेऊन तासभर अदलाबदल केली, मी फोटो काढून ठेवला आणि प्रत्येक ओळीचे ५ चौकोन क्रमाने वेगळ्या पिशवीत ठेवले. हे नक्की करा, घरात पंखा आणि लहान मूल दोन्ही असतात.

जोडायला दोन चौकोन सुलट बाजू आत घेऊन समोरासमोर धरायचे आणि दोन्हींच्या टाक्यांतून पांढऱ्या मुक्या खांबाने जोडत जायचं. आधी पाच-पाचच्या सहा पट्ट्या, मग पट्टीला पट्टी. शेवटी सगळीकडून तीन फेऱ्या किनार, दोन पांढऱ्या आणि शेवटची पिवळी, तेही तिनेच सांगितलं. मला एका चौकोनाला साधारण पाऊण तास लागायचा आणि जोडणी-किनारीला सात-आठ तास गेले, त्यामुळे तीन महिने हातात असतील तरच निवांत होतं. बारसं बाराव्या दिवशी असतं आणि बाळ काही तारीख पाळतंच असं नाही, आधीच संपवा.

लोंबणाऱ्या टोकांचं काम सगळ्यांना नकोसं असतं पण बाळाच्या ब्लँकेटमध्ये हेच सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक टोक सहा इंच सोडा, बोथट टोकाच्या मोठ्या नेढ्याच्या सुईत ओवून टाक्यांच्या आतून एकदा उजवीकडे, परत डावीकडे, परत उजवीकडे फिरवा आणि मगच कापा. गाठ मारून कापलं तर धुण्यात सुटतं. सुई बोथट असल्यामुळे लेक हे आनंदाने करायची, शेवटची फेरी मी मारायची आणि दोघी ओढून बघायचो. बटणं, मणी, गोंडे, झालर काहीही लावू नका. आणि बाळाच्या आईला हे पण सांगा की एक वर्षाचं होईपर्यंत बाळ झोपलेलं असताना अंगावर किंवा पाळण्यात मोकळं ब्लँकेट ठेवायचं नाही, डॉक्टरही हेच सांगतात, तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. मांडीवर घेताना, बाबागाडीत, खाली पसरून पालथं पाडायला, असं कुणीतरी समोर असताना वापरायचं. मी बहिणीला सरळ सांगितलं, तिला वाईट वाटलं नाही.

देण्याआधी धुवाच, तीन महिने दोघींच्या हातात आणि सतरंजीवर फिरलेलं असतं. कोमट पाण्यात सौम्य पावडर, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरून वाळवायचं, ओलं असताना दोरीवर टाकलं तर स्वतःच्या वजनाने लांबतं. लाल किंवा गर्द रंग असेल तर आधी एक तुकडा पांढऱ्या कपड्यासोबत भिजवून बघा. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री नाही, गरम लागली की विण चपटी पडते आणि परत फुगत नाही.

बांधायला विकतची रिबीन आणली नाही, तिच्या पहिल्या आठवड्यातली बोटांची साखळी होती तीच गुंडाळली. ती लांब दोरी आहे, त्यामुळे घडी उघडली की बाळापासून लांब ठेवायची, हे तिला समजावलं होतं. तिने स्वतःच चिठ्ठी लिहून आत घातली, मावशी दोरी काढून कपाटात ठेव, इस्त्री करू नको, पिळू नको, आणि खाली सहा छोटे चौकोन काढून त्यात रंग भरले होते, वरून दुसऱ्या ओळीत तिसरा, तिसऱ्या ओळीत पहिला, असे, तिचे कुठले आहेत ते बाळाला कळावं म्हणून.