घरात कोणी गेल्यावर लहान मुलांना काय सांगावे

सातारा तालुक्यातील अनेक घरांतून कोणी ना कोणी मुंबईला नाहीतर सैन्यात असतो, त्यामुळे घरातील कर्ता माणूस वारला की लहान मुलाला ‘बाबा मुंबईला गेलेत’ एवढे सांगून वेळ मारून नेणे सर्वांना सोपे वाटते. माझ्या वर्गातील दुसरीच्या एका मुलाला असेच सांगितले होते. मुंबईची माणसे यात्रेला गावी येतात हे त्याने जन्मापासून पाहिलेले, म्हणून तो यात्रेची वाट पाहत राहिला आणि छबिन्याच्या संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसला. शेवटी तीच बातमी घरच्यांना पुन्हा सांगावी लागली, आणि या खेपेला आपण खोटे बोललो होतो हेही कबूल करावे लागले.

तेव्हा बातमी त्याच दिवशी सांगावी, आणि ती आईने, आजीने किंवा मुलाला जवळच्या असलेल्या माणसाने सांगावी. ‘बाबा वारले’ एवढ्याने पाच-सहा वर्षांच्या मुलाला काही कळत नाही. मेलेले माणूस परत येत नाही, ही गोष्ट बहुतेक मुलांच्या मनात पाच ते सात वर्षांच्या दरम्यान पक्की होत जाते; त्याआधी त्यांना मरण म्हणजे लांबचा प्रवास वाटतो. म्हणून ‘बाबांचे शरीर चालायचे थांबले, आता त्यांना श्वास नाही, भूक नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही, आणि ते पुन्हा येणार नाहीत’ असे उघड शब्दांत सांगावे. ‘झोपले’ म्हटले तर मूल रात्री झोपायला घाबरते, आणि ‘देवाला आवडले म्हणून त्याने नेले’ म्हटले तर ते देवाला घाबरते. देवाघराची गोष्ट सांगू नये असे माझे म्हणणे नाही, पण शरीराची गोष्ट आधी सांगून झालेली असावी. तेच प्रश्न मूल आठवडाभर विचारत राहील. दर वेळी उत्तर तेच द्यावे.

‘मी सायकलसाठी हट्ट केला म्हणून बाबा गेले का?’ असा विचार या वयातली मुले मनात धरून बसतात आणि तो बोलून दाखवत नाहीत. ते विचारण्याची वाट न पाहता, तुझ्या बोलण्याने, रागावण्याने किंवा हट्टाने काहीही झालेले नाही, असे आपण होऊन सांगावे.

अंत्यविधीला न्यावे की नाही, हे मुलाला विचारून ठरवावे. मात्र विचारण्यापूर्वी तिथे काय दिसेल ते सांगावे: तिरडी, लाकडे, अग्नी, रडणारी माणसे. ‘बाबांना भाजेल ना?’ या प्रश्नाला ‘त्यांना आता काहीच जाणवत नाही’ हे उत्तर आहे. मुलाचा हात धरून उभा राहील आणि त्याने म्हणताच त्याला घरी आणील, असा एक माणूस त्याच कामासाठी ठेवावा. अग्नी देण्याची वेळ मुलावरच आली, तर चुलत्याने त्याच्या हातावर हात ठेवून तो द्यावा, आणि मूल नको म्हणाले तर आग्रह धरू नये.

माझ्या मते सर्वांत जास्त जपावे लागते ते दहाव्याला. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर, माहुलीच्या घाटावर, पिंडाला कावळा शिवेना की जमलेली माणसे हात जोडून ‘पोराची काळजी करू नको, आम्ही आहोत’ असे मोठ्याने म्हणू लागतात. त्यामागची माया खरी असते. पण शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या कानावर पडते ते एवढेच, की आपल्यामुळे बाबांचा जीव अडकला आहे. घाटावर जाण्यापूर्वी त्याला सांगून ठेवावे की कावळा शिवायला कधी वेळ लागतो, आणि त्याच्याशी तुझा काही संबंध नाही. ‘आता तूच घरातला कर्ता’ हे वाक्य दहा वर्षांच्या मुलाला कोणी ऐकवत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे.

आईच्या बांगड्या फोडणे आणि कुंकू पुसणे मुलासमोर तर नकोच, खरे तर मुळीच नको. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले; भावकीत वाद होत असेल, तर या ठरावाचा आधार घेता येतो.

मूल रडता रडता उठते आणि घटकाभरात गोट्या खेळू लागते, त्याबद्दल त्याला बोलू नये. लहान मुलांचे दुःख असेच तुकड्यातुकड्याने येते. अंथरूण ओले होणे, आईचा पदर न सोडणे, पोट दुखणे हेही काही दिवस चालते. शाळा फार दिवस बुडवू नये, पण मूल परत येण्यापूर्वी वर्गशिक्षकांना कळवावे, म्हणजे ‘वडिलांची सही आण’ असे सवयीने बोलले जाणार नाही. मोठ्यांनी मुलासमोर रडायला हरकत नाही. मात्र का रडतो ते सांगावे.

सहा महिन्यांनंतरही मूल जेवत-खेळत नसेल किंवा शाळेला जाईनासे झाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. ‘मला बाबांकडे जायचंय’ असे ते म्हणाले, तर जीव द्यायचे मनात आहे का, हे शांतपणे आणि स्पष्ट विचारावे, आणि तसे असेल तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येते.

पहिल्या दिवाळीला घरात कढई चढत नाही आणि फराळ भावकीतून येतो. पण अंगणातला किल्ला मुलाला करू द्यावा. माती आणायला दर वर्षी बाबा जात असतील, तर या वर्षी मामाने जावे, आणि बाबा बुरूज कसा थापायचे ते मुलालाच विचारावे.