जपानच्या शाळेत वर्षभर शिकवायला जाताय? मग तालमीपासून हजर राहा

कोल्हापूरकराला तालीम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. कुस्ती मैदानात दिसते, पण घडते तालमीत. मी जपानमधल्या एका प्राथमिक शाळेत वर्षभर शिकवायला होते. तिथल्या समारंभांचंही अगदी तसंच आहे. आपल्याकडून कुणी शिक्षक तिकडे निघाले असतील तर माझं पहिलं सांगणं हेच, की कार्यक्रमाच्या दिवसाची वाट बघत बसू नका, सरावाला जा.

त्यासाठी आधी तारखा हातात हव्यात. तिथलं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपतं. रुजू झाल्या झाल्या वर्षभराच्या कार्यक्रमांचा तक्ता मागून घ्या आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारून त्यावर मराठीत लिहून काढा. पहिलीच्या मुलांचा प्रवेश समारंभ एप्रिलच्या सुरुवातीलाच असतो, त्यामुळे तयारीला वेळ मिळत नाही. मी त्या दिवशी वर्गातल्याच चपला घालून हॉलकडे गेले आणि दारातून परत फिरले. आमच्या शाळेत बाहेरचे बूट वेगळे, वर्गातले वेगळे आणि हॉलमधले आणखी वेगळे. आदल्या दिवशी खुर्च्या मांडायला गेले असते तर तेव्हाच कळलं असतं. म्हणून तीन जोड जवळ ठेवा.

सगळ्यात मोठा दिवस उंदोकाईचा, म्हणजे क्रीडादिनाचा. कुठे तो मे-जूनच्या सुमारास असतो, कुठे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. शाळा लाल आणि पांढऱ्या अशा दोन गटांत वाटली जाते. टोपी एकच असते, एका बाजूने लाल, उलटवली की पांढरी. त्याआधी कितीतरी दिवस संचलन, नाच, रिले यांचा सराव चालतो. तेव्हाच उपमुख्याध्यापकांकडे जा आणि ‘तेत्सुदाइमास’ म्हणा, म्हणजे ‘मी मदत करते’. या एका शब्दाने माझं वर्ष बदललं. पाहुण्यांच्या मांडवातली खुर्ची सुटली आणि माझ्या हातात फक्की मारायचं गाडं आलं. रेषा आखता आखता चौथीतल्या मुलांनी मला सगळ्या खेळांची नावं शिकवली.

त्यातला तामाइरे चुकवू नका. उंच काठीवर जाळीची टोपली लावलेली असते आणि मुलं खालून छोटे कापडी चेंडू तिच्यात भिरकावतात. खेळ थोड्या वेळात संपतो, पण खरी बघण्यासारखी असते ती मोजणी. दोन्ही टोपल्यांतून एकेक चेंडू एकाच वेळी वर उडवतात आणि अख्खं मैदान आकडा म्हणतं, ‘हितोत्सु, फुतात्सु...’ कुणाची टोपली आधी रिकामी होते याकडे मुलांसकट आजी-आजोबांचे डोळे लागलेले असतात. मुलांच्या घोळक्यात उभं राहून तुम्हीही मोठ्याने मोजा. संध्याकाळी मांडव उतरवायला, खुर्च्या धुवायला सगळे शिक्षक थांबतात, तेव्हा तुम्हीही थांबा. जाताना प्रत्येकाला ‘ओत्सुकारेसामा देशिता’ म्हणा. ‘दमलात, छान काम केलंत’ असा त्याचा भाव.

शाळेचं गीत पहिल्या महिन्यातच देवनागरीत लिहून पाठ करा. जपानी उच्चार आपल्या लिपीत बऱ्यापैकी बसतात. प्रत्येक समारंभात ते उभं राहून म्हणतात आणि नव्या बाई गातात का, हे मुलं बघतात.

फोटोंचं मात्र आधी विचारा. मुलांचे चेहरे परवानगीशिवाय कुठेही टाकू नका.

मार्चमधल्या निरोप समारंभाला आपल्या दहावीच्या निरोपासारखी भाषणं आणि अल्पोपाहार असेल असं मला वाटलं होतं. तिथे तो अतिशय गंभीर असतो. नाव पुकारलं की मुलाने ‘हाई’ म्हणायचं, पुढे जायचं, प्रमाणपत्राला आधी डावा हात लावायचा, मग उजवा, आणि वाकून नमस्कार करायचा. सहावीतला एक अबोल मुलगा सरावात ‘हाई’ म्हणताना रोज अडखळायचा. समारंभात त्याचा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सराव बघितला नसता तर मला तो नुसता एक ‘हाई’ वाटला असता. कपडे गडद आणि साधे हवेत. साडी नेसायची असेल तर पंधरा दिवस आधी विचारा. मला आनंदाने हो म्हणाले.

आपलंही काही घेऊन जा. जूनमध्ये मी मुलांना २६ जूनची आमची शाहू जयंतीची फेरी सांगितली आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं हेही सांगितलं. मग त्यांना लेझीमचे चार हात शिकवले. शिक्षकांच्या खोलीसाठी कोल्हापुरी चपलेच्या छोट्या किचेन नेल्या होत्या, त्या प्रत्येकाच्या टेबलावर ठेवल्या.

निघताना मुलं जाड चौकोनी पुठ्ठ्यावर सगळ्यांचे निरोप लिहून देतात. तो दुमडता येत नाही. बॅगेत तळाला साड्यांच्या दोन घड्यांमध्ये आडवा ठेवा आणि त्याची जागा आधीच मोकळी सोडा.