फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय: आहे तेच इंजिन ट्यून करावं की दुसरं बसवावं?

आधी गरम इंजिनवर, इंधन आणि इग्निशन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रीमॅप (इंजिनच्या संगणकाची, म्हणजे ईसीयूची, सेटिंग बदलणं) नको. आधी रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट तपासा.

इंजिन धडधाकट असेल तर आमचं मत ट्यूनिंगलाच. १.२ टीएसआयचा मूळ टॉर्क १७५ न्यूटन मीटर आणि सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादा २५०, म्हणून २२० च्या आसपास थांबा. मॅप साध्या पेट्रोलवरच करून घ्या, कारण गावच्या पंपावर जास्त ऑक्टेनचं (नॉकिंग टाळणारं) पेट्रोल मिळेलच असं नाही. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो; आत येणारी हवा तापली की नॉकिंग होतं (इंधन आपोआप पेटून इंजिन ठोके देतं), ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि वाढवलेली ताकद तिथंच जाते. लॉगिंग (चालत्या गाडीत ईसीयूचे आकडे नोंदवणं) भर दुपारी करा. पांदणीच्या धुळीत एअर फिल्टर निम्म्या अंतरातच बदला.

इंजिन बदलायचं तर माउंट, वायरिंग, इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक), ड्राइव्हशाफ्ट सगळंच जुळवावं लागतं. शिवाय इंजिन नंबर आरसीवर असतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्या, विमा कंपनीलाही कळवा.