जाम झालेलं ब्लीडर निपल: पान्याला पाइप लावायच्या आधी

आमच्या अल्टोच्या मागच्या डाव्या चाकाचं ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, मी माझ्या हातानं तोडलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३१ वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मी. आटे किती जोर सोसतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण रविवारची सकाळ, दुपारी पाहुणे येणार, घरात मटण शिजत पडलेलं, आणि मी घाईनं रिंग पान्याला फूटभर पाइप घालून लटकलो. 'कट्' असं झालं. आधी वाटलं, सुटलं. मग पान्याबरोबर निपलचं डोकंच हातात आलं. दांडी आतच.

गाडीला जुलै २०२१ चा पूर लागला होता. त्या दिवसांत ती शाहूपुरीत मेहुण्याच्या दारात उभी होती, आणि पाणी निम्म्या चाकापर्यंत चढलं. इंजिन वाचलं या आनंदात ब्रेककडं कुणी बघितलंच नाही. पुढं ब्रेक ऑइल बदलायला बसलो तेव्हा गंमत कळली. चारपैकी दोन निपलांवर रबरी टोपी शाबूत होती, ती दोन्ही साध्या हातानं सुटली. उरलेल्या दोघांच्या टोप्या कधीच पडून गेल्या होत्या. त्यांच्या भोकात पुराचा गाळ वाळून अगदी सिमेंटासारखा बसलेला, आणि दोन्ही जाम.

हे निपल आतून पोकळ असतं, सगळं दुखणं तिथंच आहे. टोकाला सुळका असतो, तो आतल्या बैठकीवर दाबून बसतो आणि ऑइल अडवतो. आटे फक्त दाबून धरायचं काम करतात. सुळक्याच्या जरा वर आडवं भोक पाडलेलं असतं, ऑइल बाहेर यायला. पोकळ दांडी, त्यात आडवं भोक, म्हणजे पिळायला धातू उरतो किती? कसायचा जोर साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, चाकाच्या नटाला याच्या आठ-दहा पट लागतो. म्हणून ज्या हातानं चाकं खोलता, त्या हातानं निपलला शिवू नका.

दुसऱ्या जाम निपलला मी चार दिवस दिले. तेच सांगतो.

पहिल्या दिवशी गाडी सपाट जागी उभी करून गिअरमध्ये टाकली, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दगड लावले आणि जॅकवर उचलून खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. चाक काढलं, तारेच्या ब्रशनं निपलचा बुडखा घासला, आणि बारीक तारेनं भोकातला गाळ उकरला. मग बुडख्याशी गंज सोडवणारा स्प्रे. डब्ल्यूडी-४० घरोघरी असतो, त्यानंही थोडंफार काम होतं, पण खास गंजासाठीचं पेनिट्रेटिंग ऑइल मिळालं तर तेच घ्या. रोज सकाळ-संध्याकाळ दोन थेंब पुरतात. ड्रमच्या लायनरवर किंवा डिस्कवर एक थेंबही उडू देऊ नका, नाहीतर निपल सुटेल आणि ब्रेक धरणार नाही.

प्रत्येक वेळी तेल सोडलं की ठोकायचं. ठोकायचं म्हणजे घण नव्हे, लहान हातोडी. निपलच्या भोकात बसेल त्या मापाच्या ड्रिल बिटाची दांडी उलटी घालून ठेवा म्हणजे डोकं चेपत नाही, आणि डोक्यावर सरळ वीस-पंचवीस टिचक्या द्या. आट्यातला गंज पिळून तुटत नाही, हादऱ्यानं भुगा होतो. फौंड्रीत अडकलेला पॅटर्न वाळूतून काढताना आधी हलका ठोकून मोकळा करतात, तसंच हे. ओढायची घाई केली की साचाच मोडतो.

पान्याचं सांगायचं तर फिक्स पाना नकोच, कोपरे खातो. बारा कोनी रिंगही नको. मी तीच वापरली होती. सहा कोनी गोटी (सॉकेट) घ्या, तीही छोट्या पाव इंची रॅचेटची, म्हणजे दांडाच आखूड असतो आणि हाताला जास्त जोर लावता येत नाही. माप ८ किंवा १० मिमी असतं. आधी घालून बघा, सैल वाटली तर थांबा. गंजानं डोकं बारीक झालं असेल तर त्याहून लहान मापाची गोटी ठोकून बसवायची.

चौथ्या दिवशी आधी सोडलं नाही, कसलं. केसभर. गंजाची पकड पहिल्यांदा मोडायची ती कोणत्या दिशेनं मोडली याला महत्त्व नाही. मग उलटं, परत सुलटं. हाताला फरक कळतो: सुटणारं निपल चर्र करून अडखळत सरकतं, आणि तुटणारं निपल रबरासारखं मऊ लागतं, पाना फिरतो पण बुडखा जागचा हलत नाही. मऊ लागलं की हात काढा, परत तेल आणि हातोडी. माझं निपल पाव आटा पुढं, पाव आटा मागं करत अर्ध्या तासात मोकळं झालं.

आच द्यायचा मोह होतो. ओतीव लोखंडाला ऊब दिली की निपल सुटतं, खरं आहे. पण आत रबरी सील असतात, ब्रेक ऑइल पेट घेतं, आणि जवळून पेट्रोलची लाइन गेलेली असते. गाडीवर असताना आच देऊ नका. सुटा काढलेला कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारा भाग), ज्याचे सील तुम्ही बदलणारच आहात, त्यालाच द्या. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला तर आच किंवा वेल्डिंग नकोच. काही क्लीनरमध्ये क्लोरीनची रसायनं असतात, तापल्यावर त्यांचा विषारी वायू होतो.

आता तुटलंच तर. मागच्या ड्रमला असेल तर रडू नका, अख्खा व्हील सिलिंडर (ड्रममधला, ऑइलच्या दाबानं लायनर ढकलणारा भाग) बदला. दोन बोल्ट आणि एक पाइप, एवढंच काम. फक्त पाइपाचा नटही तसाच गंजलेला असतो. पाइप नटाबरोबर पिळला जातोय असं दिसलं की थांबा. तिथं तोंड कापलेला रिंग पाना लागतो. मी हा नट आदल्या रात्री भिजवून ठेवला होता. तेवढी अक्कल तोवर आली होती.

पुढचा कॅलिपर महाग, तो काढून लेथवाल्याकडं न्या. निपल पोकळ असल्यामुळं ड्रिलला मध्य आयताच मिळतो, टर्नरसाठी याहून सोपं काम नाही. फक्त बजावून सांगा की आतल्या बैठकीला बिट लागता कामा नये, नाहीतर नवं निपल गळत राहील. आणि चूर आत राहतो, म्हणून पिस्टन काढून धुतल्याशिवाय तो कॅलिपर परत लावू नका.

काही जण निपल राहू देतात आणि पाइपाचा नट सैल करून हवा काढतात. मला हे पटत नाही. निपल सर्वांत वरच्या जागी दिलेलं असतं, कारण हवा वर जाते. नटातून काढली तर वरचा बुडबुडा तिथंच बसतो आणि पेडल स्पंजासारखं लागतं. (कॅलिपर चुकून डावा-उजवा झाला की निपल खाली येतं आणि हवा काही केल्या निघत नाही. असला दिवस मी एकदा काढलाय.)

निपल सुटलं की पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलात बुडवा. स्प्रेचा अंश रबराला फुगवतो, म्हणून पहिलं वाटीभर ऑइल बिनधास्त जाऊ द्या. आमची धाकटी पेडलवर बसते.

"दाब."

"दाबलंय."

"धर." मी पाव आटा सोडतो, बुडबुडे येतात, बंद करतो. "सोड."

"आबा, पेडल पार खाली गेलं की!"

जाणारच, पण जुन्या गाडीत पेडल तळाला लावू नये. पेडलनं ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरचे सील रोज जिथं जात नाहीत त्या गंजक्या भागावर घासले जातात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. वरची टाकी रिकामी होऊ देऊ नका, आणि चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकात बघा, सगळ्या गाड्यांना एकच नसतो. ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि नव्या बाटलीतलं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं: कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी ओढलेल्याची हमी १४० अंशांचीच. करूळ घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

परत लावताना जुनं निपल नकोच. ते दुकानात दाखवून त्याच आट्याचं, त्याच लांबीचं नवं घ्या. वरच्या आट्यांना बोटाच्या टोकानं अगदी पातळ अँटी-सीझ (आटे परत जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावलं, सुळक्याला आणि आडव्या भोकाला नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून गळती थांबत नाही, कारण सील आट्यात नसतोच. कसून झाल्यावर धाकटीला पेडल जोरात दाबून धरायला लावलं आणि चारही निपलांवर कोरडं बोट फिरवलं. मग गल्लीतच दहाच्या वेगात चार वेळा ब्रेक मारून बघितला.

रबरी टोप्या मी आठ घेतल्या. चार निपलांवर गेल्या, चार डॅशबोर्डच्या खणात पडून आहेत. पावसाळा लागायच्या आत एकदा वाकून बघतो, कुठली पडलीय का.